राबापासून गादीवाफ्यापर्यंत



जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खोपोलीत शिळफाटा नावाचे ठिकाण आहे. घाट चढणारा आणि घाट उतरून आलेला, दोघेही इथे घटकाभर टेकतात. पावसाळ्यात मागे सह्याद्रीचा कडा ढगात बुडालेला असतो आणि पुढे भाताची खाचरे दिसतात. खाचरांना खेटून कारखान्यांच्या भिंती आहेत, आणि भिंतींना खेटून 'जमीन विकणे आहे' अशा पाट्या आहेत. मागच्या ज्येष्ठात इथेच एस. टी.ची वाट पाहत उभा असताना माझा एक जुना विद्यार्थी भेटला. खालापूर तालुक्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. इकडचे तिकडचे बोलणे झाले आणि मग तो म्हणाला, "सर, बाबा म्हणतात तुकडा विकून टाकू, भातात काय उरत नाय. तुम्ही तर वर्गात सांगायचात, कर्जतला शंभर वर्षं भाताचं संशोधन चाललंय. मग ते आमच्या बांधापर्यंत का नाय येत?"

मी इतिहास शिकवतो. शेतीशास्त्राचा मी पदवीधर नव्हे. त्या दिवशी त्याला धड उत्तर देता आले नाही, तेवढ्यात गाडीही आली. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजा.

विद्यापीठातले ज्ञान समाजापर्यंत कसे पोहोचते, असा प्रश्न आपण नेहमी विचारतो. त्या प्रश्नात एक गोष्ट आपण न बोलता गृहीत धरलेली असते. ती अशी की ज्ञान वर असते आणि ते पन्हळीतल्या पाण्यासारखे खाली आणायचे असते. कर्जत-खालापूरच्या भाताचा इतिहास पाहिला तर मात्र गंमत दिसते. इथे ज्ञान पहिल्यांदा चालत गेले ते खाचराकडून प्रयोगशाळेकडे. म्हणून आरंभ राबापासून करू.

राब आपल्या श्रोत्यांना सांगायला नको. पण शहरातल्या शिक्षकांसाठी सांगतो. फाल्गुन-चैत्रात दाढीच्या जागेवर शेणाचा थर द्यायचा, त्यावर झाडांचा कवळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सर्वांवर बारीक मातीचा हात फिरवायचा. मग वाऱ्याच्या उलट बाजूने विस्तव लावायचा, म्हणजे भडका उडत नाही. थर सावकाश धुमसत जळतो. पाऊस पडला की त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरायचे आणि तरारलेली रोपे उपटून खाचरात लावायची. माझ्या लहानपणी आमच्या घरी हे दरवर्षी होत असे. चैत्रातल्या संध्याकाळी सारे शिवार धुराने निळे झालेले मला अजून आठवते, आणि कवळ तोडून आणताना आजीच्या हातावर उठलेले ओरखडेही आठवतात.

हा राब इंग्रजी अमदानीत एकदम वादाचा विषय झाला. सरकारने जंगले राखीव केली आणि जंगलखात्याला झाडांच्या फांद्या तोडणारा शेतकरी डोळ्यांत खुपू लागला. 'झाडे ओरबाडून जाळणे हा अडाणीपणा आहे, खत घाला म्हणजे झाले,' असे साहेब लोक म्हणू लागले. शेतकरी म्हणत, कवळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर खायचे काय आणि सारा भरायचा कशातून? त्या वेळी कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता, आणि ठाणे-कुलाब्यात या प्रश्नावर असंतोष वाढला. १८८५ साली सरकारला मुंबई इलाख्यासाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. कोकणातल्या शेतकऱ्याच्या राबाची एवढी कागदोपत्री चर्चा त्यापूर्वी कधी झाली नव्हती.

याच सुमारास मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याचे प्रमुख ई. सी. ओझान यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. वाद घालत बसण्याऐवजी त्यांनी राबाचे प्रयोग करून पाहिले. एका वाफ्यात राब, दुसऱ्यात नुसते खत, तिसऱ्यात काहीच नाही. १८८९ साली इंग्लंडहून डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानची शेती पाहायला आले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात या प्रयोगांची दखल आहे. इथला शेतकरी जे करतो त्याला कारण असते, ते समजून घेतल्याशिवाय त्याला सुधारायला जाऊ नये, हा त्या सबंध अहवालाचा सूर आहे.

राबाने रोप चांगले येते हे ठरले. पण का येते? याचे उत्तर शोधायला आणखी वीस वर्षे लागली. १९०७ साली डॉ. हॅरल्ड मॅन हे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आले. त्यापूर्वी ते आसामात चहाच्या लागवडीवर संशोधन करत होते. पुण्याचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते; म्हणजे आजच्या भाषेत बोलायचे तर राबाचा प्रश्न आता विद्यापीठाच्या दारात गेला. मॅन, न. वि. जोशी आणि न. वि. कानिटकर या तिघांनी राबावर काम केले, आणि १९१२ साली त्यांचा शास्त्रीय निबंध प्रसिद्ध झाला. एका इंग्रजाच्या जोडीने दोन मराठी नावे त्या निबंधावर आहेत, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

त्यांना काय आढळले? राबाचा गुण नुसत्या राखेत नाही; जमिनीला जी आच लागते तिच्यातही आहे. माती तापली की तिच्यातली काही पोषक द्रव्ये विरघळण्याजोगी होतात, तणाचे बी मरते, आणि मातीतल्या सूक्ष्म जीवांचा कारभार बदलतो. इंग्लंडमध्ये रॉदमस्टेडच्या प्रयोगशाळेत रसेल आणि हचिन्सन यांनी १९०९ साली माती तापवून तिच्यातल्या जीवाणूंवर होणारा परिणाम नुकताच मांडला होता. जगातली अगदी ताजी विद्या आणि कोकणातली परंपरेने आलेली रीत अशी एका टेबलावर आली. प्रश्न शेतकऱ्याचा आणि रीतही शेतकऱ्याची होती. त्यामागचे कारण शोधून देणे हे विद्यापीठाचे काम ठरले. माझ्या विद्यार्थ्याला मी आता पहिली गोष्ट ही सांगेन की, बाबा रे, संशोधन तुझ्या बांधापर्यंत आले नाही असे म्हणतोस, पण ते तुझ्या बांधावरूनच तर निघाले.

दुसरी गोष्ट बियाण्याची. १९१९ साली कर्जतला भात संशोधन केंद्र सुरू झाले. जागा मोठी विचारपूर्वक निवडलेली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, उल्हास नदीचे खोरे, आणि आगगाडीचे मोठे स्टेशन. उत्तर कोकणात तेव्हा कोळंबा नावाचे बारीक दाण्याचे भात नावाजलेले होते. पण कोळंबा म्हणजे काही एक वाण नव्हे. शेतकऱ्याच्या खाचरात उंच-बुटके, लवकर-उशिरा पिकणारे, असे नाना तऱ्हेचे कोळंबे एकत्र नांदत. केंद्रातल्या माणसांनी काय केले, तर शेताशेतांतून लोंब्या गोळा केल्या. एका लोंबीचे दाणे एका ओळीत, दुसरीचे दुसऱ्या ओळीत, असे वेगवेगळे पेरले. ज्या ओळी चांगल्या दिसल्या त्या ठेवल्या आणि बाकीच्या सोडल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. डेन्मार्कच्या योहान्सन यांनी १९०३ साली घेवड्यावर प्रयोग करून शुद्ध वाणाची जी कल्पना मांडली, तिचाच हा उपयोग होता. रा. कृ. भिडे आणि स. ग. भालेराव यांनी उत्तर कोकणातल्या कोळंब्याची निवडीने केलेली सुधारणा १९२७ साली निबंधरूपाने मांडली. कोळंबा-४२, कोळंबा-५४० अशी आकड्यांची नावे आपल्या आजोबांच्या तोंडी होती, ती या कामातून आली.

आता विचार करा. ही निवड आपल्या बायाबापड्या आधीपासून करतच होत्या. मळणीपूर्वी चांगल्या लोंब्या वेगळ्या काढून बियाण्याचा मुडा बांधायचा, ही रीत घरोघर होती. फरक कुठे पडला? केंद्राने वही ठेवली. कोणती ओळ कधी फुलली, किती उंच झाली, किती पिकली, हे वर्षानुवर्षे लिहून ठेवले. शेतकऱ्याची स्मृती त्याच्याबरोबर जाते. वही मागे राहते. विद्यापीठ म्हणजे काय, याची माझी साधी व्याख्या हीच आहे: जिथे वही मागे राहते ती जागा.

स्वातंत्र्यानंतर देशापुढे अन्नाचा प्रश्न उभा राहिला. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने सरकारी जमिनी देऊन शेतीची आणि यंत्रविद्येची महाविद्यालये काढली गेली होती, १८८७ च्या कायद्याने त्यांना प्रयोगकेंद्रे जोडली, आणि १९१४ च्या कायद्याने गावोगाव जाऊन शिकवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार अशी ती तीन कामे. त्याच धर्तीवर १९६० साली पंतनगरला आपल्या देशातले पहिले कृषी विद्यापीठ झाले. महाराष्ट्रात १९६८ साली राहुरीचे, १९६९ साली अकोल्याचे, आणि १८ मे १९७२ रोजी परभणी आणि दापोलीची कृषी विद्यापीठे स्थापन झाली. कर्जतचे केंद्र दापोलीच्या, म्हणजे आजच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या, छत्राखाली आले. विद्यापीठ दापोलीला, भाताचे केंद्र कर्जतला, खार जमिनीचे पनवेलला, कृषी विज्ञान केंद्र रोह्याला किल्ला येथे, असा हा पसारा आहे.

या काळात बियाण्यातही क्रांती झाली. आपला कोळंबा चवीला गोड, पण अंगाने उंच. खत घातले की तो वाढे आणि भाद्रपदातल्या वाऱ्यापावसात आडवा लोळे. दाणा चिखलात. त्यामुळे 'खत नको रे बाबा' असे शेतकरी म्हणत, आणि त्यात काही चूक नव्हते. तैवानमध्ये १९५६ साली 'तायचुंग नेटिव्ह-१' हा बुटका वाण निघाला होता. तो साठीच्या दशकात भारतात आला. कर्जतला कोळंबा-५४० शी त्याचा संकर करून सत्तरीच्या सुरुवातीला कर्जत-१८४ हा लवकर येणारा वाण तयार झाला. अंग परदेशाचे आणि दाण्याचा बारीकपणा आपल्या शिवारातला. पुढे १९९४ साली कर्जत-३ आला. तो ११५ ते १२० दिवसांत तयार होतो आणि त्याने कोकणात चांगला जम बसवला. १९९८ साली सह्याद्री हा संकरित भात आला.

इथे दोन शब्द उद्योगाविषयी बोलले पाहिजेत, कारण संकरित भातापाशी विद्यापीठ, शेतकरी आणि कारखानदार यांची गाठ पडते. साधा सुधारित वाण आणि संकरित वाण यांत मोठा फरक आहे. कर्जत-३ सारख्या वाणाचे घरचे बी आपण राखून, निवडून पुढची काही वर्षे वापरू शकतो. संकरिताचे तसे नाही. त्याचे बी तयार करायला तीन वेगळ्या ओळी सांभाळाव्या लागतात. सह्याद्रीची मादी ओळ फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तयार झालेली आहे. अशा पिकातले बी पुन्हा पेरले तर पुढच्या पिढीत झाडे उंच-बुटकी, मागेपुढे पिकणारी होतात. म्हणून दरवर्षी बी विकत घ्यावे लागते. ते पुरवायला बियाणे महामंडळ किंवा कंपनी लागते. विद्यापीठाने वाण द्यायचा, उद्योगाने त्याचे बी मुबलक करायचे, शेतकऱ्याने ते घ्यायचे, अशी ही साखळी आहे. तिच्यातली एक कडी निसटली तर तो वाण विद्यापीठाच्या अहवालात राहतो, खाचरात दिसत नाही. या व्यवहारात शेतकऱ्याचा हक्क काय, हे २००१ च्या वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने सांगितले आहे. आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि छापील नाममुद्रेविना विकण्याचा अधिकार शेतकऱ्याला आहे. शिक्षकांनी हा कायदा गावात जरूर समजावून सांगावा.

उद्योगाने शेतीला दिलेली एक वेगळी देणगीही आपल्या डोळ्यांसमोर आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी घाटमाथ्यावर धरणे बांधली. १९१५ साली खोपोलीचे आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. चक्रे फिरवून भिवपुरीला खाली आलेले पाणी उल्हास नदीकडे जाते, आणि त्यावर राजनाल्याचे कालवे काढले गेले. म्हणून कर्जत तालुक्यातली कित्येक गावे आज उन्हाळी भात घेतात. पाणी वीज देऊन मोकळे झाले आणि मग शेतात आले. ज्ञानाचेही असे व्हायला हरकत नाही.

पण नेहमी तसे होत नाही, हे सांगणारी आता तिसरी गोष्ट. तिचे नाव चारसूत्री. डॉ. ना. कृ. सावंत हे मातीचे आणि खताचे मोठे अभ्यासक. युरिया भाताच्या पाण्यात फेकला की त्याचा बराच भाग अमोनिया होऊन हवेत उडतो, काही पावसाच्या पाण्याबरोबर बांधावरून वाहून जातो. हाच युरिया गोळी करून चिखलात खोल पुरला तर तिथे हवा पोहोचत नाही, मातीचे कण नत्र धरून ठेवतात आणि मुळे ते सावकाश घेतात. या तत्त्वावर त्यांनी चार सोपी सूत्रे बसवली. पहिले, भाताचा पेंढा आणि तुसाची राख पुन्हा जमिनीला द्या. दुसरे, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडा. तिसरे, लावणी दोरीने, पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर करा. आणि चौथे, प्रत्येक चार चुडांच्या चौकोनात मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल, २.७ ग्रॅमची एक गोळी पुरा. हिशेब सरळ आहे. हेक्टरी ६२,५०० चौकोन होतात, म्हणजे तेवढ्याच गोळ्या आणि सुमारे १७० किलो खत. एका गुंठ्याला सव्वासहाशे गोळ्या.

पहिल्या सूत्रातली तुसाची राख आणि दुसऱ्यातला पाला पाहा. राबातून रोपाला जे मिळत असे, त्यातले बरेचसे इथे जंगल न ओरबाडता मिळते. ही पद्धत ज्यांनी नीट केली त्यांना तिचा गुण आला. मग ती घरोघर का गेली नाही? मी आमच्याच घरचे सांगतो. माझ्या वडिलांनी एका वर्षी पाच गुंठ्यांवर ती करून पाहिली. पीक पाहून शेजारी थांबून विचारीत. दुसऱ्या वर्षी आवण चालू झाली तरी गोळ्या दुकानात आल्या नाहीत. आल्या तेव्हा लावणी उरकली होती. तिसऱ्या वर्षी गोळ्या होत्या, पण वाकून सव्वासहाशे गोळ्या गुंठ्यागणिक पुरायला माणसे मिळेनात. जी होती ती कारखान्यांच्या पाळीला जाऊ लागली होती. वडील म्हणाले, "विद्या खरी आहे, पण तिला हात लागतात, आणि हात आता कुठे उरलेत?" शास्त्र चुकले नव्हते. दुकान आणि मजूर यांचा विचार त्या शास्त्राबरोबर गावात पोहोचला नव्हता.

म्हणून चौथी गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ती उलट्या दिशेने घडली. नेरळजवळ सगुणा बाग चालवणारे चंद्रशेखर भडसावळे हे शेतीचे शिक्षण घेतलेले शेतकरी. माणसे मिळत नाहीत, चिखलणी परवडत नाही, ही अडचण त्यांच्याही खाचरात होतीच. २०१० नंतरच्या वर्षांत त्यांनी सगुणा भात तंत्र बसवले. एकदाच कायमचे गादीवाफे करायचे. चिखलणी नाही, दाढ नाही, लावणी नाही. लोखंडी साच्याने वाफ्यावर पंचवीस सेंटिमीटर अंतराने खाचा पाडायच्या आणि त्यांत बी टोकायचे. कापणीनंतर नांगरायचे नाही. भाताची मुळे जमिनीतच कुजू द्यायची. मुळांच्या जागी बारीक पोकळ्या होतात, गांडुळे येतात, जमीन भुसभुशीत होते. तणाचा बंदोबस्त मात्र तणनाशकाने करावा लागतो, आणि तो विषय जपून हाताळण्याचा आहे. हे तंत्र कोणत्या जमिनीत किती वर्षे चालेल, तणनाशकाचे प्रमाण कसे कमी करता येईल, हे तपासणे हे विद्यापीठाचे काम. पाहा, १८८५ साली जे घडले तेच पुन्हा: प्रश्न शेतकऱ्याचा, रीत शेतकऱ्याची, आणि तपासून पाहण्याचे काम शास्त्रज्ञाचे.

या चारही गोष्टींतून मला जे दिसते ते असे. जिथे शेतकऱ्याचे ऐकून संशोधन झाले तिथे ते रुजले. जिथे एकाच बाजूने बोलणे झाले तिथे ते अर्ध्या वाटेवर थांबले. याचा एक दाखला खुद्द आकाशवाणीच्या घरातला आहे. १९५६ साली पुणे केंद्राने त्या वेळच्या मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांमध्ये, रेडिओ ग्राममंडळांचा प्रयोग केला. आपला कुलाबा त्यात नव्हता. आठवड्यातून दोनदा गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. ज्या गावांत मंडळे होती तिथल्या लोकांच्या माहितीत, मंडळे नसलेल्या गावांपेक्षा, ठळक भर पडल्याचे तिला आढळले. रेडिओ तोच होता. फरक एकत्र बसून बोलण्याने आणि उलट प्रश्न विचारण्याने पडला. तिकडे तंजावरच्या बाजूला साठीच्या दशकात एडीटी-२७ हा भाताचा नवा वाण रेडिओवरून इतका गाजला, की लोकांनी त्याचे नावच 'रेडिओ भात' ठेवले.

तेव्हा आपण काय करावे? शेतकरी बंधुभगिनींना माझी विनंती आहे की नवीन वाण किंवा नवी रीत पहिल्या वर्षी सबंध शेतात आणू नका; दोन गुंठ्यांत करून पाहा. शेजारी दोन गुंठ्यांत आपले नेहमीचे भात ठेवा. दोन्ही ठिकाणचे धान्य वेगवेगळे मोजा. कर्जतचे केंद्र दूर नाही. तिथे जाताना आपल्या खाचरातली चिमूटभर माती, एखादी रोगट लोंबी आणि मनातला प्रश्न बरोबर न्या. कोणी घाईत उत्तर दिले तर पुन्हा विचारा. विचारणे हा तुमचा हक्क आहे. ते केंद्र तुमच्याच आजोबांच्या कोळंब्यावर उभे राहिले आहे.

आणि शिक्षकांना सांगतो, वहीचे काम तुमचे. शाळेतल्या मुलांकडून गावातल्या जुन्या भातांची नावे लिहून घ्या. कोणाच्या कणगीत कोणते बी आहे, ते कधी पेरतात, कोणत्या जमिनीत चालते, हे आजीला विचारून लिहायला लावा. झिनी, पटणी, कोळंबा ही नावे माणसांबरोबर विझत चालली आहेत. त्या वह्या एक दिवस विद्यापीठाच्याही उपयोगी पडतील.

माझ्या त्या विद्यार्थ्याची हकीकत सांगून संपवतो. तो पुढे कर्जतला जाऊन आला. बापाशी दोन दिवस भांडून दोन गुंठे त्याने आपल्या ताब्यात घेतले, आणि एक शंभर पानी वही विकत घेतली. दिवाळीच्या सुमारास पुन्हा शिळफाट्यावर भेटला तेव्हा ती वही त्याने पिशवीतून काढून दाखवली. पेरणीची तारीख, फुटव्यांची संख्या, पावसाचे दिवस, दोन्ही तुकड्यांचे वजन, सारे लिहिलेले होते. दोन्ही वजनांत फरक होता, फार मोठा नव्हे, पण होता. "बाबा काय म्हणाले?" मी विचारले. तो हसला. "काही बोलले नाय सर. पण दलाल आला होता, त्याला म्हणाले, पुढच्या साली ये."

पुढचे साल काय घेऊन येईल ते मला ठाऊक नाही. तो तुकडा राहील की त्यावर भिंत उभी राहील, हे दोन गुंठ्यांच्या हिशेबावर ठरणार नाही, याचीही मला जाणीव आहे. पण त्याच्या वडिलांनी एक साल थांबायचे कबूल केले, ते त्या वहीतले आकडे पाहून.